गार आणि गप्प

इचलकरंजीत रेणुका मुरदंडेच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच मागणी घेऊन यायचं. कॉम्प्युटरचं कॅबिनेट गार पाहिजे आणि गप्पही पाहिजे. रेणुकाचं उत्तर ठरलेलं असायचं. "गार आणि गप्प असा नवरा गावात कुणाला मिळाला नाही, तर कॅबिनेट कुठून मिळणार?" गिऱ्हाईक हसलं की मग ती खरं काय ते सांगायची. जे गार राहतं ते बोलतं, आणि जे गप्प बसतं ते आतून तापतं. आधी दोन्हीतलं एक निवडा, पुढचं पुढं बघू.

तिनं स्वतः नवरा केलाच नव्हता, त्यामुळे तिला या विषयातलं काय कळतं, असं शेजारच्या बायका म्हणायच्या. पण कॅबिनेटमधलं तिला कळायचं. त्या दिवसांत ते कळणारं माणूस गावाला डॉक्टरइतकंच लागत होतं. घराघरांतलं बोलणं आणि दुखणी बाजारात विकली गेल्याचं प्रकरण उघडकीला आल्यावर कायदा झाला होता, की घरातला आवाज आणि आजार घराबाहेर जाता कामा नये. मग बाहेरच्या मोठमोठ्या केंद्रांत बसून विचार करणारी यंत्रं मुकाट्यानं घरात आली. टेबलाखाली, देव्हाऱ्याशेजारी, जिन्याच्या कोपऱ्यात अशी एकेक पेटी रात्रंदिवस विचार करत बसायची. आणि विचार म्हटला की उष्णता आलीच, मग तो माणसाचा असो की यंत्राचा.

त्यात गावाचे उन्हाळे असे झाले होते की दुपारी बारा ते पाच सगळं बंद. शाळा, बँका, दुकानं, सगळ्यांना 'उन्हाची सुट्टी'. कापड विणणारे माग तर केव्हाच गावाबाहेरच्या मोठ्या शेडमध्ये गेलेले. ज्या गल्लीत एकेकाळी शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, तिथं दुपारी कावळा ओरडला तरी दचकायला व्हायचं.

रेणुकाला ही शांतता मनापासून आवडायची. तिचं बालपण मागांच्या खडखडाटात गेलं होतं. त्या आवाजाचं आणि तिचं वैर होतं, आणि त्याला कारण होतं. ती शाळेत असताना एका दुपारी तिची आई स्वयंपाकघरात कोसळली. भिंतीपलीकडं माग चालू होते. आईनं हाक मारली असणार, असं रेणुकाला कायम वाटत आलं, आणि ती हाक त्या आवाजात बुडाली, असंही. हे ती कधी कुणाला बोलली नाही. पण पुढं तिनं धंदा निवडला तो यंत्रांना गप्प करण्याचा, यातच काय ते आलं.

आता घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. विरूपाक्ष मुरदंडे, गल्लीचे विरूमामा, तिचे आप्पा. आयुष्यभर माग चालवून त्यांनी दोन गोष्टी कमावल्या होत्या, कापसाच्या धुळीनं भरलेली छाती आणि खडखडाटानं बधिर झालेले कान. नाकात ऑक्सिजनची नळी असायची. कोल्हापूरच्या छातीच्या दवाखान्यानं त्यांना घरी राहू दिलं होतं ते एका अटीवर. घरातल्या कॉम्प्युटरनं त्यांचा श्वास सतत ऐकायचा. छताच्या कोपऱ्यांत बसवलेले बारीक मायक्रोफोन तो आवाज गोळा करत. दुखणं उसळण्याच्या कितीतरी आधी श्वासाच्या टोकाला वाळलेलं पान चुरगळल्यासारखी हलकी कुरकुर येते. ती माणसाच्या कानाला कळत नाही, यंत्राला कळते. यंत्र दवाखान्याला फक्त इशारा देई, आवाज घरातच राही. यंत्र बहिरं झालं, किंवा नळी वारंवार नाकातून निघाली, तर मात्र आप्पांची रवानगी कोल्हापूरच्या वॉर्डात.

"तिकडं न्हाई जायाचं मला," आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "मला ह्याच घरात मरायचं हाय. अन् तेबी सावकाश."

आणि नेमकं रेणुकाच्याच घरात तिचं शास्त्र तिच्यावर उलटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरातलं कॅबिनेट होतं पुढून जाळीचं, सहा पंख्यांचं. हवा भरपूर खेळायची, आतली चिप गार राहायची, पण पंख्यांचा घोंघाट असा की श्वासाची कुरकुर त्यात विरून जायची. दवाखान्यातून फरजाना मुजावर सिस्टरचा फोन आला. आप्पांची फाइल तिच्याकडं होती. यंत्राला अर्धंच ऐकू येतंय, ताई, असं तिनं सांगितलं. पंख्याचा आवाज गाळून टाकता येत नाही का, असं तिनं विचारलं. रेणुकानं समजावलं, की एका सुरात चालणारा आवाज गाळता येतो, पण पंख्याच्या पात्यांवरून तुटून गोते खाणारी हवा दर क्षणाला वेगळी बोलते. जे पुढं काय बोलणार ते ठाऊक नाही, ते गाळणार कसं?

मग तिनं बंद कॅबिनेट आणलं, आतून जाड लोकरी नमद्याचं अस्तर लावलेलं. आवाज मेला, पण हवाही कोंडली. एप्रिलच्या एका दुपारी चिप इतकी तापली की स्वतःला वाचवण्यासाठी तिनं विचार करायचा वेग कमी केला. आप्पांचा श्वास बिघडत होता आणि यंत्र तासाभरापूर्वीचा श्वास तपासत मागं रेंगाळलं होतं. त्या दिवशी आप्पांचे ओठ निळे पडलेले रेणुकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हणून निभावलं. फरजाना सिस्टर फोनवर नेहमीपेक्षा हळू बोलली. असं आणखी एकदा झालं तर मोठे डॉक्टर ऐकणार नाहीत, म्हणाली.

रेणुकाची झोप उडाली. गावाला गार आणि गप्प यांतलं एक निवडायला सांगणाऱ्या बाईला आता दोन्ही हवं होतं, आणि तेही लगेच.

बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेतून नुकताच एक नवा पत्रा बाजारात आला होता. तिनं त्याचं कॅबिनेट मागवलं. पत्र्याला बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकामागं दोन वाटा. एक सरळ, दुसरी गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी. हवेला काय, ती मिळेल त्या वाटेनं निघून जाते. पण आवाज म्हणजे लाट. ती दोन वाटांनी फुटते, वळणाच्या वाटेनं आलेली लाट किंचित उशिरा पोचते. परातीत दोन बाजूंनी पाणी हलवलं की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसून पाणी सपाट होतं, तशा त्या दोन लाटा तोंडाशी एकमेकींना गिळून टाकतात. पंख्याचा आवाज जाडा-बारीक असा अनेक सुरांचा असतो, म्हणून वाटाही हजारो लांबींच्या. पंख्याचा वेग बदलला की आतल्या पट्ट्या सरकून वाटांची लांबी बदलायची. आत पंखे गरगरतायत, बाहेर काही नाही.

मधल्या खोलीत, चौंडेश्वरी देवीच्या तसबिरीखाली, तिनं ते मांडलं आणि बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. रेणुका कान लावून बसली, मग एकटीच हसली. इतकी वर्षं जे शोधत होते ते हेच, असं तिला वाटलं.

आप्पा नळी सावरत दारात येऊन उभे राहिले. "चालू हाय का?"

चालू आहे, असं तिनं खुणेनं सांगितलं. आप्पांचा विश्वास बसला नाही. ते सावकाश वाकले आणि त्यांनी तळवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला धरला. ऊन फुंकर हाताला लागल्यावर त्यांनी मान हलवली आणि परत गेले. मागवाल्यांची जातच अशी, रेणुकाच्या मनात आलं. आवाज थांबला म्हणजे कुठंतरी धागा तुटला, उठा आणि बघा. या गावात झोपेतल्या माणसालासुद्धा आवाज उठवत नसे, आवाज थांबला की जाग यायची.

यंत्राला आता सगळं ऐकू येऊ लागलं. आप्पांचा श्वास, नळीतली हवा, स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब. फरजाना सिस्टरनं अभिनंदन केलं. दुकानात रेणुकानं जुना विनोद बंद केला आणि नवं कॅबिनेट दर्शनी भागात मांडलं. पण आठवडा उलटायच्या आत सिस्टरचा पुन्हा फोन. मामा दुपारी नळी काढून फिरतात, म्हणाली. रोज, उन्हाच्या सुट्टीत. ऑक्सिजन पार खाली जातो. मधल्या खोलीच्या बाजूला जातात आणि मग परत येतात, एवढंच यंत्राला कळतं.

रेणुकाला लगेच उलगडा झाला, किंवा तसं तिला वाटलं. आप्पा यंत्र बंद पडलं का ते बघायला उठत होते. तिनं त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं समजावलं, की हे यंत्र गप्पच असतं, गप्प आहे म्हणजे चांगलं आहे. आप्पांनी व्हय व्हय केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठले. मग तिनं कॅबिनेटच्या मागं लाल चिंधीची पट्टी बांधली. हवा बाहेर पडली की पट्टी फडफडते, आप्पांना पलंगावरून दिसते, उठायचं कारणच नाही. स्वतःच्या हुशारीवर ती खूश झाली. आप्पांनी पट्टीचं कौतुक केलं. आणि दुपारी नळी काढून उठले.

आता ती चिडली. घर तसं लहान, दोन माणसं, आणि त्यांतलं एक ऐकत नाही. जेवताना तिनं विषय काढला, आवाज चढला, आणि इतकी वर्षं दाबलेलं तोंडातून निघून गेलं.

"तुम्हाला आवाजच पाहिजे ना आप्पा? त्या आवाजापायी आई गेली. माग गप्प असते तर तिची हाक ऐकू आली असती."

आप्पांना ऐकू कमी येत असलं तरी हे ऐकू आलं. घास हातात तसाच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला, हात धुतला आणि खोलीत गेले. रेणुकाला वाटलं, जावं आणि पाय धरावेत. पण ती उठली नाही. जे बोलले ते खोटं नव्हतं, असं ती स्वतःला बजावत बसली.

पुढचे दोन दिवस घरात यंत्रापेक्षा माणसं जास्त गप्प होती. ज्याला घरीच ठेवण्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याशी एक शब्द नाही. सिस्टरनं सांगितलं की डॉक्टरांनी मामांना न्यायला सोमवारची गाडी ठरवायला सांगितलीय. रेणुका माळ्यावरून जुनं जाळीचं कॅबिनेट काढून पुसायला लागली, मग मध्येच थांबली. ते लावलं तर आप्पा झोपतील, पण यंत्र बहिरं होईल. नाही लावलं तर यंत्र ऐकेल, पण आप्पा उठतील. कुठलीही पेटी निवडली तरी गाडी कोल्हापूरलाच जात होती. फडकं हातात घेऊन ती तशीच बसून राहिली. आपल्याला यातलं सगळं कळतं, या समजुतीचा तिला राग आला.

शेवटी तिनं ठरवलं, की आप्पांना रंगेहाथ पकडायचं. एकदा समोरासमोर पकडलं की पुन्हा उठणार नाहीत. शनिवारी दुपारी जेवणं झाली. गल्ली सुनसान झाली. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिची कॉट होती. ती आडवी झाली आणि डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

घरात इतकी शांतता होती की तिला सगळं डोळ्यांनी पाहावं तसं ऐकू येत होतं. आप्पांच्या पलंगाची करकर. नळी काढून उशीवर ठेवल्याचा सूं असा बारीक आवाज. मग पाय, आणि त्यांच्यामागून ओढत आणलेला श्वास. ते मधल्या खोलीत आले. आता कॅबिनेटपाशी थांबतील, वाकतील, तळवा धरतील. तेव्हा उठायचं, असं तिनं ठरवलं होतं.

ते थांबले नाहीत. चिंधीपाशी न रेंगाळता कॅबिनेटवरून पुढं आले. पावलं उंबरठा ओलांडून बाहेरच्या खोलीत, तिच्या कॉटच्या दिशेनं येत राहिली. ती आश्चर्यानं थिजली. श्वासांची घरघर तिच्या अगदी जवळ आली, कापूस आणि औषध यांचा तो ओळखीचा वास आला, आणि नाकापुढं काहीतरी ऊबदार येऊन थांबलं.

आप्पांचा तळवा होता तो.

रेणुकाचा श्वास छातीत अडकला. सोंग मोडू नये म्हणून नव्हे, तिला तो सोडताच येईना. क्षण गेला, दुसरा गेला. नाकापुढचा हात आणखी जवळ आला.

"रेणू," आप्पा म्हणाले. मग ज्या आवाजात मागांच्या खडखडाटातही माणूस ऐकेल त्या आवाजात, "रेणूऽ, अगं ए!"

ती ताडकन उठून बसली. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि कॉटच्या कडेला टेकत खाली घसरले. मधल्या खोलीत यंत्र त्याच क्षणी बोंबलायला लागलं. रेणुकानं धावत जाऊन नळी आणली, पुरेना म्हणून सिलेंडरच ओढत आणला, आप्पांना भिंतीला टेकवलं. फरजाना सिस्टर फोनवर होतीच. झडप किती उघडायची, औषधाचा कुठला फवारा द्यायचा, ती सांगत गेली आणि रेणुका करत गेली. यंत्र सगळं नीट ऐकत होतं म्हणून सिस्टरला क्षणाक्षणाला कळत होतं. हळूहळू ओठांवर रंग आला.

बऱ्याच वेळानं आप्पा बोलले, तुटक तुटक. रेणुका जमिनीवर त्यांच्या शेजारी बसली होती.

"त्या दिवशी हाक न्हवती आली गं," ते म्हणाले. "सुताची पेटी उचलाय आत गेलो, तवा तुझी आई खाली पडल्याली दिसली. वाटलं, श्वास चालू असल, आवाजात कळंना झालाय. म्हून पळत येऊन मेन खटका खाली केला. सगळं माग एकदम थांबलं. एवढं गप्प मी कधी ऐकलं न्हवतं." ते दम खायला थांबले. "त्या गप्पात कान लावून बघितला. कान तर तवाच गेल्यालं. मग नाकाम्होरं हात धरला. काय न्हाई लागलं हाताला."

रेणुकाला ती दुपार आठवली. त्या दिवशी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच तिला जाणवलं होतं, की आपले माग बंद आहेत. ते कुणी आणि कशासाठी बंद केले, हा प्रश्न तिला या सगळ्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

"तुझं ते जुनं खोकं घोंघावत हुतं तवा बरं हुतं," आप्पा पुढं म्हणाले. "बारीक काय ऐकू येत न्हाई मला, पर घोंघाट पोचतो. वाटायचं, सगळं चालू हाय. आता डोळा लागला की मधीच जाग येती अन् वाटतं, मीच खटका खाली केलाय. मग तुला बघून आल्याबिगर डोळा लागत न्हाई."

"मला सांगायचं नाही का, आप्पा?"

"काय सांगू? लेक एवढी जीव टाकून शांतता करायलीय. अन् बापाला तीच शांतता खायला उठतीया, असं सांगू?"

रेणुका रडली. लहानपणी आई गेली तेव्हा रडली नव्हती तितकी रडली. आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. पाठ हुंदक्यांनी हलत होती, पण हलत होती, आणि त्यातच त्यांना समाधान असावं.

संध्याकाळी तिनं फरजाना सिस्टरला फोन करून सगळं सांगितलं, काही न लपवता. सिस्टरनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, की ताई, तुमच्या यंत्राला एका खोलीत दोन श्वास वेगळे ओळखता येतील का? रेणुका म्हणाली, आता इतकं शांत आहे, की आलेच पाहिजेत. सिस्टर म्हणाली, सोमवारची गाडी मी आठवडाभर लांबवते. त्यापुढं मला काही बोलता येत नाही. मामांनी नळी काढली नाही तर डॉक्टरांना दाखवायला तेवढं पुरेल.

रविवारी रेणुकानं जुनं कॅबिनेट परत माळ्यावर टाकलं आणि चिंधी सोडली. मग आपली कॉट फरफटत आप्पांच्या खोलीत नेली. दारातून जाईना तेव्हा पाय खोलून नेली. आप्पा बघत होते. एवढ्या उकाड्यात दोघं एका खोलीत कशाला, असं ते पुटपुटले.  तिनं कॉट त्यांच्या पलंगाला भिडवून, उशीला उशी लावून मांडली.

दुपार झाली. गल्ली बंद झाली. पलीकडं मधल्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता, गार आणि गप्प, दोघांचे श्वास वेगळे करत. रेणुका डोळे उघडे ठेवून छताकडं बघत पडली होती. तिला झोप येत नव्हती. आठवड्यात काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ही शांतता तिला सोसत नव्हती. आपल्याला कधी ऐकूच आली नाही अशी एक हाक ती अजून त्यात शोधत होती.

आप्पांना जाग आली ते तिला श्वासावरून कळलं. मध्येच अडखळला, घाईघाईनं सुरू झाला. त्यांचा हात उशीवर चाचपडला, नाकातल्या नळीपाशी गेला, क्षणभर तिथं थांबला. मग नळी तशीच राहू देऊन अंधाराची सवय असलेल्या माणसासारखा हळूहळू तिच्याकडं सरकत आला आणि तिच्या नाकापुढं तळवा धरून थांबला.

जन्मभर यंत्रांचा आवाज मारत आलेल्या रेणुकानं तोंड किंचित उघडलं, छाती भरून श्वास घेतला, आणि त्या हाताला नीट लागेल असा मोठ्यानं सोडला.